कण्याचा हिशेब : पाठीच्या शस्त्रक्रियेचा इतिहास



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून आजवर अनेक विद्वानांनी आपल्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. मी विद्वान नाही, आणि डॉक्टर तर नाहीच नाही. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते धान्यबाजारातल्या थप्पीवर बसून आणि वाचनालयातून पुस्तके मागून आणून झाले. तीस वर्षे मी हमालांच्या संघटनेचे काम करीत आहे. तेव्हा चिटणीसांनी विषय विचारला त्या वेळी मी हमालीच्या दरांवर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. मी ‘पाठीच्या कण्यावरील शस्त्रक्रियेचा इतिहास’ असे सांगितले, तेव्हा ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. परंतु ज्याचे आयुष्य माणसांच्या पाठी पाहण्यात गेले, त्याने पाठीविषयी बोलू नये तर काय करावे?

“पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका,” अशी आपल्याकडे म्हण आहे. हमालाच्या बाबतीत मात्र ती खरी नाही. त्याचे पोट पाठीवरच चालते. पाठीवरचा घाव त्याच्या पोटावरच बसतो. म्हणून पाठ दुखू लागली की तो घाबरतो, आणि घाबरलेला माणूस एक तर कोणताही इलाज करून घेतो, नाही तर कोणताच करून घेत नाही. हे दोन्ही प्रकार मी जवळून पाहिले आहेत.

आमच्या बाजारात एक वयस्क हमाल होते. त्यांना आम्ही सारे मामा म्हणत असू. शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पुढे त्यांच्या कमरेतून निघालेली कळ पायापर्यंत जाऊ लागली. “मणक्यात गॅप पडली” असे निदान झाले आणि शस्त्रक्रिया झाली. पायाची कळ गेली. चार महिन्यांनी मामा पुन्हा पोती उचलू लागले. दोन वर्षांनी कंबर पुन्हा दुखू लागली. या वेळी पायात कळ नव्हती, नुसती कंबर दुखत होती. दुसरी शस्त्रक्रिया करावी, मणक्यांत स्क्रू बसवावेत, असा सल्ला मिळाला. मामांचे मन होत नव्हते. मीच त्यांना म्हणालो, “मामा, करून टाका. पैशाचे आम्ही बघतो.” मी वर्गणी जमवली. शस्त्रक्रिया झाली. दुखणे राहिले ते राहिलेच. वर जखमेत पू झाला, तीन महिने खाटेवर गेले, आणि मामांच्या पाठीवर पुन्हा पोते चढले नाही. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. पण त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला. ही शस्त्रक्रिया कशासाठी असते, कोणाला गुण येतो, कोणाला येत नाही, हे मी त्यांना आग्रह करण्यापूर्वी कोणाला तरी का विचारले नाही? त्या प्रश्नाच्या पाठी लागून जे वाचले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

कणा म्हणजे काय

आधी थोडी ओळख करून घेऊ. मानेत सात, पाठीत बारा आणि कमरेत पाच असे चोवीस सुटे मणके एकावर एक रचलेले असतात. त्यांच्या खाली माकडहाडापर्यंतचे मणके एकमेकांत जुळून गेलेले असतात. दोन मणक्यांमध्ये एक चकती असते. तिलाच आपण ‘गादी’ म्हणतो. तिची कड चिवट असते व आतला गर मऊ असतो. मणक्यांच्या मागच्या बाजूला हाडांची जी नळी तयार होते, तिच्यातून मज्जारज्जू खाली उतरतो. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, आणि त्याच्या खाली नसांचा एक झुबका घोड्याच्या शेपटीसारखा लोंबत असतो. पायांची हालचाल आणि संवेदना, लघवी आणि शौच यांवरचा ताबा, हे सारे या नसांच्या हाती.

म्हणजे कणा हा एकाच वेळी खांबही आहे आणि तारा नेणारी नळीही आहे. खांब दुखणे वेगळे आणि तार दाबली जाणे वेगळे. हा एवढा एक भेद आपण ध्यानात ठेवला, तर पुढचा सगळा इतिहास समजायला सोपा जाईल.

अपयश लिहून ठेवणारा वैद्य

इजिप्तमध्ये सापडलेली एक पुरातन गुंडाळी ‘एडविन स्मिथ पपायरस’ या नावाने प्रसिद्ध आहे. ती साडेतीन हजार वर्षांपूर्वीची असून तिच्यातला मजकूर त्याहूनही जुना मानतात. तिच्यात इजा झालेल्या ४८ रुग्णांची हकिकत आहे. मानेचा मणका निखळलेला, हातापायांची शुद्ध गेलेली, लघवी नकळत होत असलेली, असा एक रुग्ण तिच्यात आहे. आणि त्याच्या बाबतीत वैद्याने सरळ लिहून ठेवले आहे की हे दुखणे उपचाराच्या पलीकडचे आहे. आपल्याकडे चरकाने ‘गृध्रसी’ या नावाने, कमरेपासून पायापर्यंत जाणाऱ्या कळेचे वर्णन केले आहे. आज ज्याला सायटिका म्हणतात तेच हे दुखणे. आणि भागवतातली कुब्जेची कथा तर आपण सर्वांनी कीर्तनात ऐकली आहे. कृष्णाने तिची पावले आपल्या पायाने दाबून धरली, हनुवटीला दोन बोटे लावली आणि तिला वर उचलून सरळ केले. कथा श्रद्धेची आहे. परंतु वाकडा कणा ताणून सरळ करावा ही कल्पना आपल्याकडे किती जुनी आहे, हे तिच्यावरून दिसते.

ग्रीक लोकांनी ताणण्याचा हा प्रयोग प्रत्यक्ष केला. रुग्णाला शिडीला बांधायचे आणि शिडी उंचावरून खाली आदळायची, असा उपाय तिकडे चालत असे. हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या सांध्यांवरील ग्रंथात या शिडीची हकिकत आहे, आणि बघ्यांची गर्दी जमवण्यासाठी हा उपाय करणाऱ्या वैद्यांवर चांगलेच ताशेरेही आहेत. त्याच ग्रंथात आणखी एक मौजेची गोष्ट आहे. कुबडाखाली चामड्याची रिकामी पिशवी ठेवून तिच्यात हवा भरण्याचा प्रयोग ग्रंथकाराने स्वतः केला. तो फसला. तरीही त्याने तो मुद्दाम लिहून ठेवला. कारण काय साधत नाही, हे कळणे हेसुद्धा ज्ञानच, असे त्याचे म्हणणे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस मला फार मोठा वाटतो. आपले अपयश वहीत लिहिणारा जमाखर्चनीस पुढच्या काळात कण्याच्या शस्त्रक्रियेला फार थोड्या वेळा भेटला. जेव्हा भेटला तेव्हा ती पुढे गेली, आणि जेव्हा भेटला नाही तेव्हा त्याची किंमत रुग्णांनी मोजली.

सुरीचा प्रवेश

पुढची हजार-दोन हजार वर्षे कण्यावर सुरी चालवण्याची प्राज्ञा सहसा कोणाची नव्हती. सातव्या शतकात पॉल ऑफ एजिना या वैद्याने, मज्जारज्जूवर दाबणारा हाडाचा तुकडा काढावा, असे सुचवले. १८१४ साली लंडनमध्ये हेन्री क्लाइन याने कणा मोडलेल्या एका रुग्णावर तसे धाडस केले. रुग्ण दगावला, आणि असले काही करावे की करू नये यावर तिथल्या शस्त्रवैद्यांत मोठा वाद माजला. भूल नाही, जंतूंची माहिती नाही, अशा काळात दुसरे काय होणार होते?

त्याआधी, १७७९ साली, लंडनच्याच पर्सिव्हल पॉट याने कुबड येऊन पाय लुळे पडणाऱ्या रोगाचे नीट वर्णन लिहिले. तो रोग आजही ‘पॉटचा रोग’ म्हणून ओळखला जातो. तो मणक्याचा क्षय आहे हे पुढे कळले. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख याने १८८२ साली शोधून काढला. याच पॉटने १७७५ साली दुसरी एक गोष्ट दाखवून दिली होती. लंडनच्या धुराड्यांत चढून काजळी झाडणाऱ्या पोरांना पुढे जो कर्करोग होतो, तो त्या काजळीमुळे होतो, असे त्याने लिहिले. माणसाचा धंदाच त्याला रोग देतो, हे इतक्या उघडपणे सांगणारा हा शस्त्रवैद्य आम्हां कामगारांना आपला वाटला तर नवल नाही.

१८४६ साली ईथरची भूल आली, १८६७ साली लिस्टरने जखमेतले जंतू मारण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि मग सुरीला कण्यापर्यंत जाण्याचा रस्ता मोकळा झाला. १८८७ च्या जून महिन्यात लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ली याने मज्जारज्जूवर दाबणारी गाठ काढली. रुग्ण लष्करातला एक कप्तान होता. त्याचे पाय गेले होते. विल्यम गॉवर्स या वैद्याने नुसत्या तपासणीवरून गाठ कुठे असेल ते सांगितले होते. क्ष-किरण अजून आठ वर्षे दूर होते. गॉवर्सच्या अंदाजाप्रमाणे हाड कापले, तर गाठ दिसेना. आणखी थोडे वर कापले, तेव्हा बदामाएवढी गाठ हाती लागली. कप्तान पुढे चालू लागला आणि कामावर गेला.

या यशाचे मर्म काय? तार दाबली गेली होती, दाब कुठे आहे ते कळले होते, आणि दाब काढला. सुरी जे काम उत्तम करते ते हे.

सांधून टाकण्याची कल्पना

१९११ साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड आल्बी या दोघांनी, दोन वेगळ्या रीतींनी, एक नवी शस्त्रक्रिया पुढे आणली. क्षयाने पोखरलेले मणके हलत राहतात म्हणून कुबड वाढते. तेव्हा ते मणके एकमेकांना कायमचे सांधून टाकावेत, हा त्यांचा विचार. आल्बी पायाच्या नडगीचे हाड काढून कण्यात कलम करीत असे. विचार क्षयासाठी निघाला, पण लवकरच तो मुलांच्या वाकड्या पाठीसाठी वापरला जाऊ लागला. मुले महिनोन्‌महिने प्लास्टरच्या कवचात पडून राहत.

या उपायाने किती मुले सुधारली? वीस-पंचवीस वर्षे याचा एकत्रित हिशेब कोणी मांडला नव्हता. अखेर अमेरिकेतील अस्थिशल्यतज्ज्ञांच्या संघटनेने एक समिती नेमली. समितीने निरनिराळ्या ठिकाणच्या ४२५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि १९४१ साली अहवाल दिला. शेकडा ६९ रुग्णांत निकाल बेताचा किंवा वाईट होता. ज्यांचे मणके सांधले, त्यांच्यापैकी चौथ्या हिश्शाहून अधिक जणांत हाड जुळलेच नव्हते. आपल्याच धंद्याची अशी झडती आपणच घेऊन ती छापणे, हे सोपे काम नव्हे. पुढे पद्धती सुधारल्या, त्याला या कडू अहवालाचा मोठा हातभार लागला.

अशा हिशेबाचा आग्रह धरणारा एक माणूस बॉस्टनमध्ये होऊन गेला. त्याचे नाव अर्नेस्ट कॉडमन. प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले ते निदान वर्षभर पाहावे. गुण आला नसेल तर का आला नाही ते लिहावे. आणि सर्वांना दाखवावे, एवढेच त्याचे मागणे. मोठ्या रुग्णालयातील मंडळींना ते रुचले नाही. १९१५ साली त्याने एका सभेत एक व्यंगचित्र दाखवले : वाळूत डोके खुपसलेला शहामृग सोन्याची अंडी देतो आहे, आणि त्या अंड्यांवर कोण कोण जगते आहे! सभेत गदारोळ झाला. त्याने आपल्या स्वतःच्या छोट्या रुग्णालयाचा हिशेब मात्र छापला : १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेले ३३७ रुग्ण, आणि त्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका. १९४० साली तो वारला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला २०१४ साल उजाडले. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे आपण म्हणतो. हा मूठ उघडणारा माणूस होता.

चकतीचा शोध आणि त्याचे वेड

त्याच बॉस्टन शहरात १९३४ साली विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या दोघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. पायात जाणारी ती जुनाट कळ, आपली गृध्रसी, पुष्कळदा चकती फाटून तिचा गर नसेवर दाबल्यामुळे होते, आणि तो गर काढला तर कळ जाते, असे त्यांनी दाखवले. पूर्वीच्या शस्त्रवैद्यांना असे गोळे सापडले नव्हते असे नाही. पण ते त्यांना कूर्चेची गाठ समजत. मिक्स्टर आणि बार यांनी ते चकतीचेच तुकडे आहेत हे ओळखले. मामांची पहिली शस्त्रक्रिया ही या शोधाची थेट वंशज, आणि तिने मामांच्या पायाची कळ खरोखरच गेली होती. तेव्हा या शोधाविषयी मी कृतघ्नपणे बोलणार नाही.

परंतु शोध खरा असला म्हणजे त्याचा प्रत्येक उपयोग खरा ठरतो असे नाही. ‘चकती’ हे उत्तर सापडले, आणि पुढची कित्येक वर्षे प्रत्येक कंबरदुखीला तेच उत्तर मिळू लागले. आता आपल्याकडे चित्रे काढणारी मोठमोठी यंत्रे आहेत. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ माणसांची अशी चित्रे काढली. त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक लोकांच्या निदान एका चकतीला फुगवटा होता! म्हणजे डोक्याचा केस पांढरा व्हावा तशी चकतीही वयाबरोबर बदलते. चित्रात गॅप दिसली म्हणून दुखणे तिचेच, असे समजणे म्हणजे चोरीच्या रात्री गावात जो दिसेल त्याला चोर ठरवण्यासारखे आहे.

रोगापेक्षा इलाज

आता शस्त्रक्रियेतून निघणाऱ्या अडचणींकडे वळू. जखमेत जंतू शिरतात. मज्जारज्जूभोवतीचे पातळ आवरण फाटून आतले पाणी झिरपते. नसेला धक्का लागतो. कधी एक मणका वर किंवा खाली, भलत्याच जागी सुरी चालते. चकतीच्या पुढच्या बाजूला मोठ्या रक्तवाहिन्या असतात. हत्यार पलीकडे गेले तर प्राणावर बेतते. जखम भरताना जो व्रण तयार होतो तो नसांना आवळतो. हाड जुळत नाही आणि स्क्रू ढिले होतात. हाड जुळले तर त्याचा भार शेजारच्या मणक्यांवर जातो आणि काही वर्षांनी ते कुरकुरू लागतात. या सर्व गोष्टी निष्काळजीपणानेच होतात असे नाही. उत्तम हातांकडूनही त्या काही रुग्णांत होतात. म्हणून तर शस्त्रक्रियेचे कारण तितकेच भक्कम असावे लागते.

काही अडचणी तर नव्या शोधांनीच आणल्या. नस कुठे दाबली आहे ते क्ष-किरणांत दिसावे म्हणून १९४४ पासून कण्यात एक तेलकट रंगद्रव्य टोचीत. ते शरीरातून सहज निघून जात नसे. कित्येकांच्या नसांभोवतीचे आवरण त्याने सुजून चिकटले आणि त्यांना जन्माची कळ लागली. रोग शोधायला गेले आणि नवा रोग देऊन आले, अशी ती गत झाली.

पपईची गोष्ट आपल्याला अधिक जवळची वाटेल. मांस लवकर शिजावे म्हणून आपल्या बायका त्यात कच्च्या पपईचा तुकडा टाकतात. १९५६ साली अमेरिकेत लुइस टॉमस याने पपईच्या चिकातला पाचक पदार्थ सशांना टोचला, तेव्हा त्यांचे ताठ कान लोंबू लागले. कानातली कूर्चा मऊ पडली होती. मग चकतीचा गर का विरघळू नये? १९६३ साली लायमन स्मिथ याने पपईच्याच चिकातला तसा एक पदार्थ माणसाच्या चकतीत टोचला. अनेकांना गुणही आला. १९८२ साली अमेरिकन सरकारने परवानगी दिल्यावर त्याचा वापर एकदम फोफावला, आणि मग काही रुग्णांना जिवावर बेतणारी ॲलर्जी झाली, काहींचे पाय लुळे पडले. पुढे ते औषध बाजारातूनच गेले.

ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टनची गोष्ट मात्र शिकत जाण्याची आहे. पोलिओच्या साथींत अनेक मुलांचे कणे वाकडे झाले होते. त्याने धातूची दांडी आणि आकडे बनवून ते कण्याला बसवले. आधी आकडे सुटत, दांड्या मोडत. नुसती दांडी पुरत नाही, मणके सांधावेही लागतात, हे तो अपयशातून शिकला आणि १९६२ साली त्याने आपली पद्धत प्रसिद्ध केली. हजारो मुले सरळ उभी राहिली. पण वाकडा कणा ताणताना मज्जारज्जूच ताणला गेला तर? यावर फ्रान्समधील स्टान्यारा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली एक साधा उपाय सांगितला : शस्त्रक्रिया चालू असतानाच भूल हलकी करायची, आणि मुलाला म्हणायचे, “बाळ, पाय हलव.” पाय हलले तर पुढे जायचे, न हलले तर ताण सैल करायचा. रुग्णालाच विचारणे, हा उपाय मला फार आवडला.

अखेर कोणी मोजले

आता हिशेबाच्या गोष्टी. ऑस्लोच्या हेन्रिक वेबर याने चकतीमुळे पायात कळ असलेल्या १२६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. काहींवर शस्त्रक्रिया, काहींना विश्रांती आणि व्यायाम. दहा वर्षे त्यांचा पाठपुरावा करून १९८३ साली त्याने निकाल छापला. पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया झालेले पुढे होते. चौथ्या वर्षी फरक फारसा उरला नव्हता, आणि दहाव्या वर्षी दोन्ही गट सारखे. २००७ साली हॉलंडमध्ये २८३ रुग्णांचा असाच हिशेब झाला. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची कळ लवकर गेली. पण वर्षअखेर दोन्ही गटांत शेकडा ९५ जण बरे होते. याचा अर्थ शस्त्रक्रिया निरुपयोगी, असा नव्हे. ती वेळ विकत देते. ज्याला कळ सोसवत नाही त्याने ती जरूर घ्यावी. पण ‘आत्ता केली नाही तर अपंग व्हाल’ हे बहुतेकांच्या बाबतीत खरे नाही.

आणि मामांची दुसरी शस्त्रक्रिया, म्हणजे नुसत्या कंबरदुखीसाठी मणके सांधण्याची? २००१ साली स्वीडनमध्ये २९४ रुग्णांच्या चाचणीत ती नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरली. २००५ साली ब्रिटनमध्ये ३४९ रुग्णांवर चाचणी झाली. तीत मन लावून करून घेतलेल्या व्यायामापेक्षा ती सरस असल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. म्हणजे तज्ज्ञांतही मतभेद आहेत. हे मला त्या वेळी ठाऊक असते, तर मी मामांना एवढ्या ठामपणे “करून टाका” म्हणालो नसतो.

क्षयाच्या बाबतीत तर हिशेबाने सारे चित्रच पालटले. स्ट्रेप्टोमायसिन आणि मागोमाग १९५२ साली आयसोनियाझिड ही औषधे आली. १९५६ साली हाँगकाँगमध्ये हॉजसन आणि स्टॉक यांनी मणक्याच्या पुढच्या बाजूने जाऊन किडलेले हाड काढण्याची मोठी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. मग ब्रिटिश संशोधन मंडळाने कोरिया, हाँगकाँग आणि ऱ्होडेशियात चाचण्या घेतल्या. १९७३ साली कोरियाचा निकाल आला : औषधे नीट घेतली तर सहा महिने खाटेला खिळणे किंवा प्लास्टरचे कवच, यांनी जादा फायदा होत नाही. हाँगकाँगच्या शस्त्रक्रियेने कुबड कमी राहते हेही सिद्ध झाले. पण ती सर्वांना लागत नाही. १९७५ साली वाराणसीच्या डॉ. तुली यांनी आपला ‘मध्यम मार्ग’ मांडला : औषधे सर्वांना, सुरी मात्र औषधाने सुधारत नाहीत किंवा बिघडत जातात त्यांनाच. गरीब देशाला परवडणारे आणि शास्त्रालाही मान्य होणारे हे उत्तर आपल्या देशातून गेले, याचा मला अभिमान वाटतो.

हिशेब मागणाऱ्याला त्रास होतोच. १९९४ च्या अखेरीस अमेरिकेतील एका सरकारी संशोधन संस्थेने कंबरदुखीवर मार्गदर्शिका काढली. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज नसते, असा तिचा रोख होता. कण्याच्या शस्त्रवैद्यांतील एक गट संतापून प्रतिनिधींकडे गेला. स्क्रू बनवणारी एक कंपनी न्यायालयात गेली. १९९५ साली त्या संस्थेचा पैसाच बंद करावा असा प्रयत्न झाला. संस्था वाचली, पण अंदाजपत्रकाचा सुमारे चौथा हिस्सा गमावून. आमच्या चळवळीत याहून निराळे काय घडते?

दुसरी बाजू

हे ऐकून आपण सुरीला भिऊन घरी बसाल, तर मी दुसरी चूक केली असे होईल. ती चूकही मी पाहिली आहे. आमचा एक तरुण जोडीदार होता. पोते उचलताना कमरेत कळ आली, दोन्ही पाय बधिर झाले, बसण्याची जागा बधिर झाली आणि लघवी अडली. मामांचे उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होते. घरचे म्हणाले, “दवाखान्यात नेला तर कापतील.” हाडवैद्याकडे पाच दिवस चोळण्यात गेले. मला कळले तेव्हा त्याला शस्त्रक्रियेला नेले. जीव राहिला; लघवीवरचा ताबा आणि एक पाऊल कायमचे गेले. नसांचा तो झुबकाच दाबला गेला होता, आणि तिथे तास मोजायचे असतात, दिवस नव्हे.

म्हणून मी आमच्या बाजारात आता एवढेच सांगतो. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याची जागा बधिर झाली, पाय लुळा पडत चालला, तर थांबू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. कंबरदुखीबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल, किंवा उंचावरून पडून दुखणे सुरू झाले असेल, तर तपासणी टाळू नका. पायात कळ आहे पण ताकद शाबूत आहे, तर काही आठवडे धीर धरा, चालतेबोलते राहा. आणि नुसती कंबर दुखत असेल, तर सुरीचे नाव काढण्यापूर्वी डॉक्टरांना हात जोडून तीन प्रश्न विचारा : साहेब, ही शस्त्रक्रिया नेमकी कोणते दुखणे काढणार? माझ्यासारख्या किती जणांना गुण आला आणि किती जणांना नाही? आणि केली नाही तर काय होईल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. मला तर असे डॉक्टर भेटले आहेत की त्यांनी खुर्ची पुढे ओढून उत्तरे दिली.

शेवटी, मामा पहिल्या शस्त्रक्रियेनंतर परत कुठे गेले, ते विसरून चालणार नाही. ते परत शंभर किलोच्या पोत्याखाली गेले. सुरीने नसेवरचा दाब काढला; पाठीवरचा बोजा तिला काढता येत नव्हता. तो काढणे हे डॉक्टरांचे काम नव्हे, ते आपले. १९४८ च्या कारखाना कायद्याने इजा होईल इतके ओझे उचलायला लावू नये असे लिहिले. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एका प्रौढ पुरुषाने उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला, आणि अंगावर ओझे वाहणाऱ्या माणसाला मंडळ, भविष्यनिधी आणि औषधपाणी यांचा हक्क मिळाला. शंभराचे पोते पन्नासाचे व्हावे म्हणून हमालांनी ठिकठिकाणी लढे दिले. व्यापारी आम्हाला म्हणत, “अहो, दुप्पट बारदान लागेल!” आम्ही म्हणत असू, “बारदान बाजारात मिळते, शेठ. कणा मिळत नाही.”

मामा आता गावी असतात. मी गेलो की ओट्यावर बसतात, फार वेळ बसवत नाही म्हणून उठून उभे राहतात. मागच्या खेपेला मी त्यांना या व्याख्यानाविषयी सांगितले, आणि त्यांची गोष्ट सांगू का, असे विचारले. ते म्हणाले, “सांग. पण दोन्ही सांग. पहिल्या वेळी बरं वाटलं होतं, तेही सांग.” त्यांच्या सांगण्याप्रमाणे मी दोन्ही सांगितले आहे.